अंड्यांवर बसलेला बाप

"पक्षी किती वाजता येतो?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता त्याचं हसू येत नाही. विचारणारी माणसं भली असतात. पहाटे मुंबईहून निघालेली असतात, घाटात चहा झालेला असतो, मांडीवर तोफेएवढी लेन्स असते आणि दुपारच्या जेवणाला परत घरी पोचायचं असतं. मी सांगते, "साहेब, तो कुठे नोकरीला नाही. आला तर आला." मग ते माझ्याकडे असे बघतात, जणू मीच त्याला घरी कोंडून ठेवलंय.

पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात माझा फोटो स्टुडिओ होता. आयुष्याची बरीच वर्षं मी पासपोर्टचे फोटो काढले आणि नवऱ्या मुलींचे फोटो काढले. बाई फोटो काढणारी म्हटल्यावर लग्नघरात मला थेट आतल्या खोलीपर्यंत प्रवेश असे. रुसलेल्या करवल्या, शालूला पिन लावताना रडणाऱ्या आया, हे सगळं मी जवळून पाहिलंय. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि माझ्याकडे माणसं फक्त झेरॉक्स आहे का विचारायला यायला लागली. सुट्टीच्या दिवशी मी आधीपासूनच कधी गंगापूर धरणाच्या पाण्याकडे, कधी निफाडच्या बाजूला नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जायचे. ते फोटो स्टुडिओच्या काचेत लावले होते. ते बघून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आम्हालाही न्या ना." एकाचे दोन झाले, दोनाचे दहा, आणि छंद होता तो धंदा झाला. स्टुडिओचा गाळा आता भाच्याकडे आहे. तो तिथे मोबाइलची कव्हरं विकतो आणि माझ्यापेक्षा बरं कमावतो.

हे काम म्हणजे पाण्याकाठी बसून थर्मासमधला चहा पिणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरं तर हे न दिसण्याचं काम आहे. उथळ पाण्यात आणि चिखलात लांब पायांनी चालत किडे टिपणारे हे पक्षी फार भित्रे. दोन पायांवर उभा माणूस दिसला की त्यांच्या दृष्टीने विषय संपला. गाडीला मात्र ते भीत नाहीत. गाडी म्हणजे त्यांना एखादी लठ्ठ म्हैस वाटत असावी. म्हणून मी गिऱ्हाइकाला गाडीतून उतरू देत नाही. काच खाली करायची, खिडकीच्या कडेवर तांदळाची पिशवी ठेवायची, तिच्यावर लेन्स टेकवायची आणि गप्प बसायचं. ही पिशवी म्हणजे माझ्या यजमानांच्या जुन्या पँटचा पाय. एका तोंडाला टीप मारली, तांदूळ भरले, दुसऱ्या तोंडाला टीप मारली. विकत मिळणाऱ्या महागड्या उशीपेक्षा चांगली चालते. अत्तर लावून येऊ नका असंही मी सांगते. पक्ष्यांना त्याचा त्रास होतो की नाही ठाऊक नाही, बंद गाडीत मला होतो.

फोकस नेहमी डोळ्यावर. नवरी असो नाहीतर बगळा, डोळा स्पष्ट नसेल तर फोटो मेला. आणि सगळ्यात कडक नियम घरट्याचा. घरटं सापडलं तर लांबून बघायचं, थोडा वेळ बघायचं आणि निघायचं. आड येणारं गवत कापायचं नाही, कारण जे गवत आपल्या आड येतं तेच कावळ्याच्या आणि घारीच्याही आड येत असतं. आणि घरटं कुठे आहे हे कुणाला सांगायचं नाही, सख्ख्या भावालासुद्धा.

सगळ्या गिऱ्हाइकांना हे पटतं असं नाही. एका गृहस्थांना उडत्या बगळ्यांचा फोटो हवा होता आणि बगळे निवांत उभे होते. गृहस्थ खिडकीतून हात बाहेर काढून टाळ्या वाजवायला लागले.  गाडी सुरू केली, वळवली आणि त्यांना हायवेवर त्यांच्या गाडीपाशी आणून सोडलं. पुढे त्यांनी इंटरनेटवर माझ्याबद्दल बरंच वाईट लिहिलं. लिहोत बापडे.

एकदा लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. मुलीने लालभडक गाऊन घातला होता आणि तिला मागे चमच्या पक्ष्यांचा थवा हवा होता. चमचे म्हणजे पांढरे, पळीसारख्या चोचीचे. मी म्हटलं, "अगं, लाल रंग बघून ते थांबायचे नाहीत." ती म्हणाली, "थांबतील हो काकू." ती पाण्याकडे चालू लागली आणि गुडघ्यापर्यंत गाळात गेली. तो तिला काढायला गेला, तोही गेला. दोघं एकमेकांना धरून जे हसत सुटले, तो फोटो मी काढला. त्यांनी तोच पत्रिकेवर छापला. मागे एकही पक्षी नाही.

पण मला सांगायचंय ते आबांविषयी आणि हिराबाईंविषयी.

आबा देवळ्याचे कांदा व्यापारी. साठीच्या पुढचे, धिप्पाड, पांढराशुभ्र शर्ट-पायजमा, खांद्यावर उपरणं. सगळं आयुष्य बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या धुरळ्यात उभं राहून बोली लावण्यात गेलेलं. त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांच्या घशात नव्हता. ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, एखादा शांत छंद लावून घ्या. दुसऱ्या कुणी भजनी मंडळ धरलं असतं. आबांनी पुण्यातल्या मुलाकडून कॅमेरा मागवला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून माझ्याकडे आले.

पहिल्याच दिवशी समोर चिखलात शेकाटे चरत होते. काळे-पांढरे, बांगडीच्या काचेसारखे गुलाबी लांब पाय. आबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ताई, हा काडीपायाचा कोन शे?"

ते कुजबुजले होते असं त्यांचं म्हणणं. समोरचा थवा उठला, त्याच्या मागचा उठला, पार पलीकडच्या काठावरच्या टिटव्याही ओरडत उठल्या. पाणी रिकामं झालं.

"मी तर हळूच बोललो ना," आबा ओशाळून म्हणाले.

तरी ते येत राहिले. येताना पिशवीभर निवडक कांदे आणायचे. त्यांना एकच पक्षी हवा होता. माझ्याकडच्या एका जुन्या फोटोत त्यांनी तो पाहिला होता. रंगीत पाणलावा. कोंबडीच्या पिलाहून मोठा, लांब चोचीचा, डोळ्याभोवती पांढरी कड, काजळाऐवजी चुना लावल्यासारखी. खांद्यावरून एक पांढरा पट्टा. आणि गळा-छातीचा रंग असा दाट लालसर तपकिरी, की मला एखाद्या नवरीचा शालू आठवतो. हा पक्षी दिवसभर गवतात दडून बसतो आणि उजाडताना किंवा दिवेलागणीला तेवढा बाहेर येतो. चाहूल लागली की उडत नाही, आहे तिथे दगड होतो. तुम्ही त्याच्याकडेच बघत असता आणि तो तुम्हाला दिसत नाही.

"हा पक्षी शे का भूत शे?" आबा प्रत्येक फेरीच्या शेवटी म्हणायचे आणि रिकाम्या हाताने देवळ्याला जायचे.

आमच्या गाड्या उभ्या राहायच्या हिराबाईंच्या खळ्यात. त्यांचं शेत थेट नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याला भिडलेलं. वरच्या अंगाला कांदा, खालच्या अंगाला सखल पट्टा. त्यात पावसाळाभर पाणी साचून गवत आणि पाणकणसं माजलेली. हिराबाई माझ्याच वयाच्या. मालक मुलाकडे नाशिकला राहायचे, पण हिराबाईंना म्हशी सोडून शहरात करमायचं नाही. चहा भरपूर गोड करायच्या आणि आमच्या धंद्याकडे दयेने बघायच्या. "दिवसदिवस बगळ्याकडं पाहत बसत्यात. यांच्या घरी काय कामं नायती का वं?" असं त्या मला माझ्या गिऱ्हाइकांसमोरच विचारायच्या.

भाद्रपद सरत आला होता. सकाळी हिराबाईंचा फोन आला. त्या सहसा मिस्ड कॉल द्यायच्या, त्या दिवशी थेट बोलल्या.

"बाई, एक पाखरू माझ्या अंगावर आलं."

"कसलं पाखरू?"

"आता मला काय ठावं? मी खालच्या पट्ट्यात गवत कापीत व्हते. इळा घातला आन् गवतातनं फुस्स झालं. मला वाटलं जनावर हाय. पाहते तं एवढंसं पाखरू. पंख पसरून माझ्याकडं तोंड करून उभं. पंखावर डोळेच डोळे. पळं नाय, काय नाय. मी इळा घेऊन मागं सरले. त्याच्या पायाशी अंडी हायती."

मी तासाभरात तिथे पोचले. लांब बांधावरून दुर्बिणीने पाहिलं. रंगीत पाणलावाच होता, पण शालूवाला नाही. फिकट करडा, अंगावर पिवळट ठिपके, सुकलेल्या गवताचाच एक तुकडा वाटावा असा. तो परत अंड्यांवर बसला होता आणि डोळे अर्धे मिटले होते.

"हा बाप आहे," मी हिराबाईंना सांगितलं.

"आन् आई?"

"आई गेली. यांच्यात रंग बाईला असतो. ती अंडी घालते आणि निघून जाते. अंडी उबवायची यानं, पिलं वाढवायची यानं."

"ती कुठं जाते मंग?"

"दुसरा नवरा शोधते. त्याच्याजवळ पुन्हा अंडी घालते. मग तिसरा."

हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. हसता हसता त्या बांधावर बसल्या. "अन् हा बसलाय," त्या म्हणाल्या. "बसलाय बिचारा. माझ्या इळ्याला नाय भ्याला." मग म्हणाल्या, "जाऊ द्या. तेवढा कोपरा राहू द्या. म्हशी दुसरीकडचं खातील."

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. वस्तीवरच्या बायका तो बाप्या बघायला बांधावर यायला लागल्या. त्यांनी त्याचं नावच 'बाप्या' ठेवलं. मला जाऊन सांगावं लागलं की गर्दी झाली तर कावळे जमतील. हिराबाईंनी लगेच बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद केली. मी वनखात्यातल्या ओळखीच्या माणसालाही फोन केला. तो म्हणाला, "अंड्यांना हात लावू नका, माणसं लांब ठेवा, बाकी शेत त्यांचंच आहे."

मी कुणालाच सांगणार नव्हते. आबा मात्र ठरल्याप्रमाणे आले, आणि खळ्यात पोचायच्या आत वस्तीवरच्या बायकांनीच त्यांना सगळं सांगितलं. मी त्यांना बांधावर, फांद्यांच्या अलीकडे गाडीतच बसवलं. "बघा, ते वाकलेलं पाणकणीस आहे ना, त्याच्या उजव्या हाताला."

आबा बराच वेळ बघत राहिले. तोंडात त्यांनी उपरण्याचं टोक धरलं होतं, आवाज फुटू नये म्हणून. शेवटी टोक काढून म्हणाले, "ताई, कुठं शे?"

तो त्यांच्या फोटोच्या चौकटीत बरोबर मधोमध होता. आबांनी त्या दिवशी गवताचे पुष्कळ फोटो काढले. बाईच्या दुसऱ्या नवऱ्याची गोष्ट त्यांना पटली नव्हती. परत जाताना गाडीत म्हणाले, "असं कसं? याच्या पोरांना कोन विचारेल?"

"तोच विचारतो," मी म्हटलं.

त्यानंतर चार-दोन दिवसांत त्र्यंबकेश्वरच्या बाजूला धुवाधार पाऊस लागला. आमच्याकडे नाशिकमध्ये फक्त भुरभुर होती, पण रामकुंडावर गोदावरीचं पाणी चढायला लागलं. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ते नांदूरच्या बंधाऱ्याला येऊन फुगतं आणि काठावरच्या सखल रानात पसरतं. हिराबाईंचा पट्टा सखलच. मी गाडी काढली.

हिराबाई खालीच उभ्या होत्या. नदीकडच्या बाजूला त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा एक मातीचा बांध आहे. त्याला मधे एक खिंडार. म्हशी रोज पाण्यावर जातात, त्यांच्या येण्या-जाण्याने पडलेलं. बाकी बांध धड होता. पाणी खिंडारापाशी येऊन थांबलं होतं, आत यायची वाट बघत असल्यासारखं.

"हे बुजवलं तं आत येणार नाय," हिराबाई म्हणाल्या. "पर दोघीनं व्हायचं नाय. पोतीबी नायती."

मी आबांना फोन लावला. ते लासलगावला होते, लिलाव उरकत होते. मागे एवढा गलका की मला काय सांगायचंय ते मीच ओरडून सांगितलं.  मग आबा म्हणाले, "बारदान किती पाहिजे?"

बारदान म्हणजे कांद्याच्या रिकाम्या गोण्या. आबांचा पिकअप आला तेव्हा मागे गोण्यांचा ढीग होता आणि आबा ड्रायव्हरला सांगत होते, "हॉर्न नाही वाजवायचा, बठ्ठं काम गपचूप." बठ्ठं म्हणजे सगळं.

प्रश्न मातीचा होता. सगळीकडे नुसता चिखल. तो गोणीत ठरत नव्हता, खालून निघून जायचा. कोरडी, कामाची माती एकाच ठिकाणी होती. हिराबाईंनी कांद्याच्या वाफ्यांसाठी उन्हाळ्यात तलावातून गाळ आणून खळ्याच्या कडेला रचून ठेवला होता, वर पत्रा टाकून. आम्ही कुणी त्याचं नाव काढलं नाही. हिराबाईंनीच पत्रा सरकवला.

"अहो, तुमचं रोप?" मी म्हटलं.

"गाळ काय, पुढल्या उन्हाळ्यात बी तळ्यातच राहील," त्या म्हणाल्या. "भरा."

मग दोन म्हाताऱ्या होऊ घातलेल्या बाया, एक ड्रायव्हर आणि एक ब्लडप्रेशरचा व्यापारी, अशी आमची टोळी कामाला लागली. मी गोणीचं तोंड धरायचे, हिराबाई फावड्याने भरायच्या, ड्रायव्हर आणि आबा वाहून न्यायचे. घरट्यापासून खिंडार लांब होतं, तरी आवाज नको होता. आबांनी उपरणं तोंडावर घट्ट बांधलं. पांढऱ्या कपड्यांचा रंग उरला नव्हता. चिखलात पाय घसरून ते एकदा गोणीसकट बसले, वर बघितलं, उपरण्याच्या आतून काहीतरी म्हणाले. ते काय होतं ते ऐकू आलं नाही, पण हिराबाई म्हणाल्या, "बरं झालं बांधलंय."

उजेड जायच्या आत खिंडार बुजलं. वरून हिराबाईंनी बाभळीच्या फांद्या दाबल्या. बाहेर पाणी हळूहळू चढत होतं. गोण्यांच्या फटींतून पाझर सुरू झालाच, पण पाझर आणि लोंढा यात फरक असतो. मी दुर्बीण लावली. बाप्या बसला होता. बसल्या बसल्या चोचीने आजूबाजूच्या गवताच्या काड्या ओढून पोटाखाली सारत होता. आपलं आसन उंच करत होता. त्यालाही पाण्याचा अंदाज आला होता.

"करतोय काहीतरी," मी म्हटलं.

"करणारच," आबा म्हणाले. उपरणं सुटलं होतं आणि आवाज नेहमीचा होता, पण थकल्यामुळे तो कुठेच पोचला नाही.

सकाळी मी पुन्हा गेले तेव्हा आबा माझ्या आधीच आलेले. रात्री देवळ्याला न जाता ते निफाडला पाहुण्यांकडे थांबले होते, पाहुण्यांच्याच जावयाचा शर्ट घालून. तो त्यांना पोटावर बसत नव्हता. गोण्या टिकल्या होत्या. बाहेरून पाणी त्यांच्या खांद्याला लागलं होतं. आत सखल जागी घोटाभर साचलं होतं, पण घरट्याचा उंचवटा कोरडा होता.

आम्ही गाडीत बसलो. हिराबाई मागच्या सीटवर, हातात चहाची किटली. ऊन वर आलं तरी बाप्या हलला नाही. मग तो उठला आणि बाजूला झाला. घरट्यात काही तरी चाललं होतं. मी दुर्बिणीतून पाहिलं. तपकिरी, उभ्या पट्ट्यांची, ओली पिलं. एक उभं राहायला बघत होतं आणि पडत होतं. अंड्याचं टरफल बाप्याने चोचीत धरून लांब नेऊन टाकलं, परत आला.

या पक्ष्यांची पिलं फार वेळ घरट्यात राहत नाहीत. अंग वाळलं की चालायला लागतात. आम्ही वाट बघत बसलो. तीन पिलं बाहेर आली होती. चौथं अंडं तसंच होतं. बाप्या त्या अंड्यावर पुन्हा बसला, उठला, पुन्हा बसला. मग त्याने ठरवलं. तो पाणकणसाच्या दिशेने चालू लागला आणि मागोमाग तिन्ही पिलं निघाली, ठेचकाळत, एकमेकांवर पडत.

मधे उघडा चिखल होता. गाडीपासून आजवर कधी नव्हता इतका जवळ. आबांनी लेन्स लावली होती. माझी बोटंही शटरवर होती. आणि तेवढ्यात आबा, पोरं बघून, न राहवून, बाजार समितीच्या आवारात निघतो तसल्या आवाजात म्हणाले, "अरे, ते पाहा निघाले!"

 गाडीची पुढची काच थरथरली असावी. आणि समोर बापलेकरं जिथल्या तिथे थिजली. सांगितलं ना, हा पक्षी घाबरला की उडत नाही, दगड होतो. पिलांनी पोटं चिखलाला टेकवली. बाप्या एक पाय उचललेला, मान आखडलेली, तसाच उभा राहिला. आबांना तेवढा वेळ पुरला. खटाखट फोटो निघाले.

मी त्यांचा दंड इतका जोरात धरला की त्यांनी कॅमेरा खाली ठेवला.  बाप्याने पाय खाली टेकवला, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तिन्ही पिलं घेऊन पाणकणसात शिरला. गवत हललं आणि थांबलं.

"बाई, गेली का वं?" मागून हिराबाई म्हणाल्या. त्यांना पुढच्या सीटआडून काहीच दिसलं नव्हतं.

"गेली. सुखरूप गेली."

"मंग च्या घ्या."

चौथं अंडं दोन दिवस तसंच राहिलं. मग एक दिवस दिसेनासं झालं. कुणी नेलं ते आम्ही शोधत बसलो नाही.

आबांच्या फोटोंपैकी एकच धड आला. त्यातही एक गवताची काडी बाप्याच्या चोचीवरून आडवी गेली आहे, आणि एका पिलाचा फक्त मागचा भाग दिसतो. पण डोळा स्पष्ट आहे. आबांनी तो दरवाजाएवढा मोठा करून आपल्या गाळ्यात गादीच्या मागे लावला. आलेला शेतकरी हिशोबाला बसला की आधी विचारतो, तितर आहे का? आबा त्याला पूर्ण गोष्ट सांगतात. ट्रॅक्टर खोळंबतात. त्यांचं ब्लडप्रेशर उतरलं की नाही ते मी विचारत नाही. हिराबाईंच्या खळ्यात त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात गाळाची ट्रॉली पाठवली, तेव्हा हिराबाईंनी ड्रायव्हरबरोबर परत निरोप दिला, "गाळ मिळाला. माणूस कदी येतोय च्या प्यायला?"

या कामात वाईट वाटण्यासारखंही बरंच आहे. पाण्यावर जलपर्णी पसरत चालली आहे. पावसाळ्यात बघितलेला हिरवा गालिचा हिवाळ्यापर्यंत सगळं गिळून टाकतो. काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर काढतात. तो बिचारा जोडीदार समजून धावत येतो आणि समोर लेन्स. त्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे गिऱ्हाइकं पाठवणाऱ्या एका नावाजलेल्या फोटोग्राफरने मला तो पट्टा नेमका कुठे ते विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा माझ्याकडे कुणाला पाठवलं नाही आणि त्यांच्याबरोबर येणारी माणसंही गेली. मला त्याची खंत आहे, खोटं कशाला बोलू. पण जागा सांगितली असती तर झोप गेली असती, आणि या वयात एकदा गेलेली झोप परत येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यात पाणलावा नव्हता. मी चार वेळा जाऊन आले. गवत होतं, पाणकणसं होती, चिखल होता, टिटव्या होत्या. हिराबाई म्हणाल्या, "येईल. नायतर दुसऱ्या कुणाच्या शेतात बसला आसंल." मीही मग विषय सोडला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ. पंचवटीच्या भाजीबाजारात मी मेथीची जुडी निवडत होते. आरत्या सुरू झाल्या होत्या, रिक्षा एकमेकींना हटवत होत्या. फोन वाजला. हिराबाई.

"बाई, बोलू नका," त्या म्हणाल्या. "नुसतं ऐका."

मग काहीच नाही. नुसता वारा, बेडकांचा आवाज, लांब कुठेतरी एक म्हैस. मी एका कानावर हात दाबला. आणि मग आलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी हलकेच फुंकर मारावी तसं. ऊक. थोडं थांबून, ऊक. थोडं थांबून, पुन्हा. ती होती. शालूवाली. गवतातून साद घालत होती. त्या शेतातल्या आमच्या एकाही फोटोत ती आली नव्हती, आणि हिराबाई आपल्या बांधावर उभ्या राहून, हात लांब करून फोन तिच्याकडे धरून होत्या.

मी तशीच उभी राहिले. डोळे भरून आले होते आणि मी हसतही होते, त्यामुळे भाजीवाली घाबरली असावी. माझ्या हातातली जुडी काढून घेत ती म्हणाली, "काय झालं ताई? कुनाचा फोन हे?"

"निफाडकडच्या एक बाई आहेत," मी म्हटलं. "नवरा शोधतायत."

"सापडंल की," ती म्हणाली, आणि मेथीबरोबर वर थोडी कोथिंबीर टाकली.